सनी लिस्टन : दुखापतीतली हार कोणाच्या खात्यावर?



मुष्टियुद्ध हा खेळ आपल्याला कुस्तीइतका ओळखीचा नाही. म्हणून आधी थोडी माहिती. दोन खेळाडू हातात जाड मोजे घालून दोरांनी बांधलेल्या चौकोनात उतरतात. तीन मिनिटांची एक फेरी, मग एक मिनिट विश्रांती. विश्रांतीत खेळाडू आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो. जो खाली पडला आणि दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही, तो हरला. दोघेही शेवटपर्यंत उभे राहिले तर गुण मोजून निकाल देतात. आणि घंटा झाल्यावर जो स्टुलावरून उठलाच नाही, तोही हरला. सर्वात जड खेळाडूंच्या गटाला हेवीवेट म्हणतात.

या गटाचा एके काळचा जगज्जेता सनी लिस्टन. त्याला जाऊन पन्नासहून जास्त वर्षे झाली, पण त्याच्याविषयी एक वाद अजून मिटत नाही. दुखापत होऊन झालेली हार खेळाडूच्या मोठेपणातून वजा करायची की नाही?

सनीचे खरे नाव चार्ल्स. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात एका गरीब निग्रो कुटुंबात, म्हणजे आज ज्यांना कृष्णवर्णीय म्हणतात त्या घरात, तो जन्मला. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवीत. घरात वीसहून जास्त भावंडे. सनीचा जन्म कोणत्या वर्षीचा, याचीसुद्धा धड नोंद झाली नाही. वडील शेतात कामाला जुंपत आणि बेदम मारत. त्या माराचे वळ मोठेपणीही त्याच्या पाठीवर होते. आई काम शोधायला सेंट लुईस शहरात गेली. पुढे सनीही पळून तिच्याकडे गेला.

शहरात त्याला शाळेत घातले, पण एवढा थोराड मुलगा आणि अक्षरओळख नाही, म्हणून पोरे हसली. त्याने शाळा सोडली ती कायमची. त्याला शेवटपर्यंत नीट लिहिता-वाचता आले नाही. वाईट संगत लागली, चोऱ्या-दरोडे झाले आणि १९५० साली तो तुरुंगात गेला. तिथल्या पाद्रीबाबांनी त्याच्या हातांतली ताकद ओळखून त्याला मुष्टियुद्धाकडे वळवले. १९५२ साली सुटका झाली. १९५३ साली तो पैशासाठी खेळणारा खेळाडू झाला. त्याचे हात इतके लांब होते की दोन्ही पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सात फूट भरत.

आता पहिली हार ऐका. सप्टेंबर १९५४, डेट्रॉईट शहर. समोर मार्टी मार्शल. लढत आठ फेऱ्यांची. मार्शलच्या ठोशाने सनीचा जबडा मोडला. जबडा मोडलेला असताना तोंडावर ठोसे खाणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी! तरीही सनी शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिला. गुण देणाऱ्या तिघांपैकी दोघांनी मार्शलच्या बाजूने निकाल दिला, एकाने सनीच्या. सनी हरला. पण पुढच्याच वर्षी त्याने मार्शलला सहाव्या फेरीत हरवले आणि १९५६ साली पुन्हा एकदा हरवले.

मध्ये पोलिसाशी मारामारी केल्याबद्दल त्याला परत शिक्षा झाली. १९५७ साली त्याची एकही लढत झाली नाही. गुंड लोकांशी त्याचे संबंध होते, हेही लपवून चालणार नाही. पण खेळात त्याच्यासमोर कोणी टिकेना. २५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागो येथे त्याने जगज्जेता फ्लॉईड पॅटरसन याला अवघ्या २ मिनिटे ६ सेकंदांत लोळवले. जगज्जेता होऊन तो आपल्या गावी, फिलाडेल्फियाला, विमानाने परतला. स्वागताला गर्दी असेल असे त्याला वाटले होते. विमानतळावर थोडे वार्ताहर सोडले तर कोणी नव्हते. पुढच्या वर्षी पॅटरसनला त्याने पुन्हा पहिल्याच फेरीत हरवले.

मग आली दुसरी हार. २५ फेब्रुवारी १९६४, मायामी बीच. समोर बावीस वर्षांचा, भारी तोंडाळ पोरगा कॅशिअस क्ले, म्हणजेच पुढे जगभर गाजलेला महंमद अली. सनीच जिंकणार असे जवळजवळ सगळे धरून चालले होते. पण क्ले असा काही नाचत-वाकत राहिला की सनीचे ठोसे हवेतच जात होते. सहा फेऱ्या झाल्या. गुण दोघांचे बरोबरीत होते. सातव्या फेरीची घंटा झाली आणि सनी स्टुलावरून उठलाच नाही! डावा खांदा निकामी झाल्याचे त्याच्या बाजूने सांगण्यात आले. १९१९ नंतर कोणत्याही हेवीवेट जगज्जेत्याने अशी स्टुलावर बसून गादी सोडली नव्हती. लोक भडकले. त्याच्या वाट्याचे पैसे अडवले गेले. डॉक्टरांनी हात तपासला तेव्हा दुखापत खरी निघाली आणि मग पैसे मिळाले. चौकशी झाली, पण लढत मुद्दाम हरल्याचा पुरावा मिळाला नाही. तरी भित्रेपणाचा शिक्का बसला तो बसलाच.

आता दोन्ही बाजू पाहू.

एक बाजू अशी की, हा खेळच शरीराचा आहे. मार्शलने जबडा मोडला तो नियमात राहून. क्लेने खांदा थकवला तो चपळाईने. मग सनीला दुखापत झाली म्हणून त्यांचा विजय खोटा कसा म्हणायचा? हे बरोबर आहे. जिंकणाऱ्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

दुसरी बाजू अशी की, मोडलेले हाड आणि फाटलेला स्नायू माणसाच्या हातात नसतो. त्यावरून त्याची हिंमत मोजू नये. हेही बरोबर आहे.

यात एक गंमत पाहा. ज्या अलीने सनीला हरवले, त्याचाही जबडा ३१ मार्च १९७३ रोजी केन नॉर्टन याच्याशी लढताना मोडला. तोही शेवटपर्यंत उभा राहिला आणि तोही दोन विरुद्ध एक असाच हरला. सप्टेंबरमध्ये त्याने नॉर्टनला हरवून परतफेड केली. अलीची ती हार लोक धैर्याची म्हणून सांगतात. मग सनीची १९५४ ची हारही तशीच सांगायला नको का? माणूस बदलला म्हणून माप बदलू नये.

आमच्या मते माप असे असावे. हार वहीत लिहिलेली राहू द्या, ती पुसू नका. पण दुखापतीमुळे झालेली हार मोठेपणातून लगेच वजा करू नका. पुढे खेळाडूने काय केले ते बघा. मार्शलची हार सनीने दोनदा भरून काढली, तो हिशोब मिटला. क्लेची हार मात्र त्याला भरून काढता आली नाही. २५ मे १९६५ रोजी लुइस्टन येथे परतीच्या लढतीत तो पहिल्याच फेरीत पडला. तेव्हा खांद्याचे कारण नव्हते. वजा करायचे असेल तर ती हार करा, स्टुलावरची नको.

चौथी हार तर फार शिकवणारी आहे. डिसेंबर १९६९ मध्ये लिओटिस मार्टिनने नवव्या फेरीत सनीला पाडले. पण त्याच लढतीत मार्टिनच्या डोळ्याला अशी इजा झाली की तो पुन्हा कधी खेळलाच नाही. म्हणजे दुखापत जिंकणाऱ्यालाही सोडत नाही.

सनीने एकूण ५४ लढती केल्या, ५० जिंकल्या, त्यांतल्या ३९ समोरच्याला शेवटपर्यंत टिकू न देता. १९७० च्या डिसेंबरअखेर लास व्हेगासमधील घरी तो एकटाच असताना वारला. पत्नी बाहेरगावी होती. ५ जानेवारी १९७१ रोजी ती परतली तेव्हा कळले. त्याच्या थडग्यावर नाव आणि सालांखेरीज एवढेच कोरले आहे की तो एक माणूस होता. १९९१ साली मुष्टियुद्धाच्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव घातले गेले, पण ते पाहायला तो नव्हता.

मित्रांनो, खेळात कोणी पाय मुरगळून खाली बसला तर त्याला लगेच भित्रा म्हणू नका. आधी पाय बघा, मग तो बरा झाल्यावर परत मैदानात येतो का ते बघा. आणि पालकहो, ज्या मुलाला घरी मार आणि शाळेत हसे मिळाले, तो जगज्जेता झाला तरी त्याचे स्वागत करायला कोणी आले नाही, हेही ध्यानात असू द्या.

तुम्हाला काय वाटते? सनीची स्टुलावरची हार वजा करावी की नाही? आपले मत कारणासह लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. दोन्ही बाजूंची चांगली उत्तरे पुढच्या अंकात लावू.

— इयत्ता सातवी