किम इल सुंग : एका थकबाकीदाराचे चरित्र

१९७४च्या सुमारास स्वीडनहून उत्तर कोरियाला एक हजार व्होल्वो मोटारी उधारीवर गेल्या. मोटारी प्योंगयांगच्या रस्त्यांवर धावू लागल्या, पैसे मात्र आले नाहीत. स्वीडनची निर्यात-पतहमी संस्था त्या थकबाकीची आठवणपत्रे पुढे वर्षानुवर्षे पाठवत राहिली. उमेदीची वर्षे बँकेत काढल्यामुळे असेल, पण किम इल सुंग या माणसाकडे मी हुकूमशहा म्हणून पाहण्याआधी कर्जदार म्हणून पाहतो. बुडवा तर खराच. पण बुडव्याचीही फाईल वाचावी लागते.

जन्म १५ एप्रिल १९१२चा, प्योंगयांगजवळच्या मांग्योंगदे गावचा. मूळ नाव किम सोंग जू. घर ख्रिस्ती, वडील अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेले. (पुढे याच मुलाच्या राज्यात प्रार्थना करणे हा गुन्हा ठरावा!) कोरिया १९१० पासून जपानच्या टाचेखाली होता. कुटुंब मांचुरियात गेले आणि तिथे हा तरुण चिनी कम्युनिस्टांच्या गनिमी तुकड्यांत सामील झाला. जून १९३७ मध्ये त्याच्या माणसांनी सीमेलगतच्या पोचोन्बोवर छापा घातला. छापा किरकोळ, पण नाव झाले. १९४० मध्ये पाठलाग टाळत तो सोव्हिएत हद्दीत शिरला आणि लाल सेनेत अधिकारी झाला. सप्टेंबर १९४५ मध्ये रशियन जहाजातून वोन्सान बंदरात उतरला तेव्हा वय अवघे ३३. सरकारी चरित्रात ते जहाज नाही. तिथे तो स्वतःच्याच सैन्याच्या बळावर देश मुक्त करतो.

९ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य हाती आले आणि २५ जून १९५० रोजी, स्टालिनची संमती मिळवून, त्याने दक्षिणेवर स्वारी केली. हे युद्ध त्याचेच पाप होते, त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. मात्र त्याची जी किंमत उत्तरेतल्या सामान्य माणसाने मोजली, ती जगाच्या स्मरणातून गेली आहे. अमेरिकी विमानांनी कोरियावर सुमारे ६ लाख ३५ हजार टन बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धात साऱ्या पॅसिफिक आघाडीवर टाकले त्याहून हे अधिक. ३० नोव्हेंबर १९५० रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी पत्रकारांसमोर अणुबॉम्बची शक्यताही खुली ठेवली. २७ जुलै १९५३ रोजी तह झाला तो शस्त्रसंधीचा, शांततेचा नव्हे. परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा गुंता आपल्या जनरल थिमय्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाकडे आला होता. पुढे १९५८ ते १९९१ अमेरिकेची अण्वस्त्रे दक्षिणेत तैनात होती.

किमने या भीतीचे भांडवल केले. प्रतिस्पर्धी एकेक करून संपवले आणि आजोबा कोण होते यावरून नातवाची शाळा, नोकरी ठरावी अशी प्रतवारी साऱ्या प्रजेची केली. मॉस्को आणि बीजिंग यांना एकमेकांविरुद्ध खेळवून दोघांकडून मदत घेतली. मग १९९० मध्ये मॉस्कोने आणि १९९२ मध्ये बीजिंगने दक्षिण कोरियाशी राजनैतिक संबंध जोडले. दोन्ही जामीनदार उठून गेले! उरली ती योंगब्योनची अणुभट्टी, १९८६ पासून चालू असलेली. मार्च १९९३ मध्ये त्याने अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली आणि १९९४च्या वसंतात भट्टीतून सुमारे आठ हजार इंधनकांड्या काढल्या. वॉशिंग्टनमध्ये भट्टीवर हल्ल्याचे बेत मांडले जाऊ लागले. जूनमध्ये माजी अध्यक्ष जिमी कार्टर प्योंगयांगला गेले आणि बोलणी सुरू झाली. दक्षिणेच्या अध्यक्षांशी २५ जुलैला भेट ठरली होती. ८ जुलैला, वयाच्या ८२व्या वर्षी, किम वारला.

करार मात्र ऑक्टोबरमध्ये जिनिव्हात झालाच. माझ्या मते जगाने पुन्हा पुन्हा वाचावा असा कागद हाच. बँकेत माल तारण ठेवून कर्ज देताना माल कर्जदाराचा आणि कुलूप बँकेचे असते. कर्जदार सज्जन आहे की नाही, हा प्रश्न त्यात येत नाही. इथे तेच झाले. कांड्या उत्तर कोरियाच्या, मोहर आंतरराष्ट्रीय निरीक्षकांची. बदल्यात वर्षाला ५ लाख टन तेल आणि दोन नव्या अणुभट्ट्यांचे आश्वासन. आठ वर्षे योंगब्योनमध्ये नवे प्लुटोनियम निघाले नाही. भट्ट्या रखडल्या, उत्तरेने युरेनियमचा चोरटा मार्ग धरल्याचा आरोप अमेरिकेने केला, तेल थांबले, डिसेंबर २००२ मध्ये मोहरा तुटल्या. चोरी पकडली तर दंड करावा, हप्ता रोखावा. पण गोदामाची किल्लीच कर्जदाराच्या अंगावर फेकून निघून यावे, हा कुठला व्यवहार? ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिला अणुस्फोट झाला आणि २०१७ पर्यंत एकूण सहा.

अशा राजवटीशी सौदा म्हणजे तिला जीवदान, असा आक्षेप घेतला जातो आणि छळछावण्यांतल्या माणसांसाठी तो घेतला जात असेल तर मी तो हसण्यावारी नेणार नाही. पण राजवट कोसळेल म्हणून वाट पाहण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. नव्वदच्या दशकातल्या दुष्काळात लाखो माणसे उपासमारीने मेली, राजवट राहिली. सगळा बॉम्ब आधी टाका, मग बोलू, ही अट म्हणजे मुद्दल-व्याज एकरकमी भरा, मग पुनर्बांधणीचा अर्ज घेऊ, असे म्हणण्यासारखे आहे. आधी उत्पादन गोठवावे, निरीक्षक आत बसवावेत, त्या मोजमापाने निर्बंध सैल करावेत आणि छावण्यांचा विषय त्याच टेबलावर ठेवावा.

निरीक्षक २००७ मध्ये परत गेले होते, पण एप्रिल २००९ मध्ये त्यांना पुन्हा बाहेर काढण्यात आले. तेव्हापासून योंगब्योनमध्ये काय चालते याचा अंदाज उपग्रहांच्या छायाचित्रांत वाफ दिसते की नाही, यावरून बांधावा लागतो.