‘आनंदी गोपाळ’ वाचताना



श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. ती ज्यांच्या जीवनावर बेतली आहे, त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची आज ओळख करून घेऊ.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास. त्यापायी ते रागावत, प्रसंगी हातही उगारत. कादंबरी हे झाकून ठेवत नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच तो दगावला. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे जायला संकोचत आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. आता शिक्षण हा केवळ पतीचा हट्ट उरला नाही, ते त्यांचे स्वतःचे ध्येय झाले.

समुद्र ओलांडणे तेव्हा पाप समजले जाई. तरीही ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई पतीला मागे ठेवून कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. तिथे थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना मायेने घरात घेतले. परकी हवा, कडाक्याची थंडी, ढासळती प्रकृती, या सर्वांशी झुंजत त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. पदवी मिळवली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

आपल्या बेळगावपासून जवळच असलेल्या कोल्हापुरात, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयाने त्यांना गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या स्त्रियांना त्यांची डॉक्टर मिळालीच नाही.

मग एवढ्या कष्टांचे फळ काय? मुलगी डॉक्टर होऊ शकते, हे आनंदीबाईंनी करून दाखवले. पुढच्या मुलींना ते नव्याने सिद्ध करावे लागले नाही.

कादंबरी वाचताना एक लक्षात ठेवा. त्यातले संवाद व मनातले विचार लेखकाने रंगवले आहेत. म्हणून जोडीला आनंदीबाईंचे एखादे चरित्रही वाचा. पालकांनीही वाचावे आणि मुलीला काय शिकायचे आहे, हे आधी तिलाच विचारावे.