आंतोन यान्शा : जगाला मधमाशीपालन शिकवणारा स्लोव्हेनियाचा शेतकरीपुत्र

दरवर्षी २० मे रोजी जागतिक मधमाशी दिन साजरा होतो. कृषी विज्ञान केंद्रांत कार्यक्रम होतात, मधपेट्यांची प्रात्यक्षिके होतात. पण हाच दिवस का निवडला, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. या तारखेमागे एका शेतकऱ्याच्या मुलाचे नाव आहे. स्लोव्हेनियातील आंतोन यान्शा यांचा जन्मदिवस म्हणून ही तारीख मानली जाते. डिसेंबर २०१७ मध्ये स्लोव्हेनियाच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी ती जाहीर केली आणि २०१८ पासून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला.

यान्शा केवळ ३९ वर्षे जगले. शिक्षक म्हणून त्यांना जेमतेम तीन वर्षे मिळाली. तरीही त्यांनी सांगितलेल्या कितीतरी गोष्टी आज तुमच्या मधपेटीत रोज घडताना दिसतात.

आल्प्सच्या पायथ्याचे गाव

स्लोव्हेनिया हा मध्य युरोपातील छोटा देश आहे. लोकसंख्या सुमारे २० लाख. उत्तरेला आल्प्स पर्वत, मध्ये दाट जंगले आणि दऱ्याखोऱ्यांतील लहान शेते. यान्शांच्या काळी हा भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता आणि तेथील मोठ्या प्रांताला कार्निओला म्हणत. याच प्रांतातील ब्रेझ्नित्सा या गावी १७३४ मध्ये आंतोनचा जन्म झाला. प्रसिद्ध ब्लेड सरोवर तेथून जवळच आहे.

घरची शेती होती आणि शंभराहून अधिक मधपेट्या होत्या. गावातले शेतकरी एकत्र जमत, शेतीच्या आणि मधमाश्यांच्या गोष्टी बोलत. आंतोनचे शिक्षण या बैठकांत आणि पेट्यांसमोर झाले. कोणत्या झाडाला कधी फुलोरा येतो, पेटी कधी जड होते, थवा बाहेर पडण्याआधी माश्यांचा आवाज कसा बदलतो, हे त्यांनी पाहून आणि ऐकून शिकून घेतले.

मध आणि ‘मेद’

येथे थोडे भाषेकडे वळू. स्लोव्हेनियन भाषेत मधाला ‘मेद’ म्हणतात. आपला ‘मध’, संस्कृतमधील ‘मधु’ आणि त्यांचा ‘मेद’ हे एकाच प्राचीन मुळाचे शब्द आहेत. मधमाशीला ते ‘चेबेला’ म्हणतात आणि पेट्या ठेवायच्या लाकडी घराला ‘चेबेल्न्याक’. अस्वलाला ते ‘मेदवेद’ म्हणतात, म्हणजे मूळ अर्थाने मध खाणारा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या भाषेत जनावर मेले तर एक क्रियापद वापरतात आणि माणूस वारला तर दुसरे. मधमाशी मेली की मात्र माणसासाठीचे क्रियापद वापरले जाते. ज्या समाजात माशीला असा मान आहे, तेथे यान्शा वाढले हे ध्यानात घ्या.

कुंचला सोडून मधपेटीकडे

यान्शांच्या घरात तीन भाऊ चित्रे काढत. १७६६ मध्ये ते व्हिएन्नाला कलाशिक्षणासाठी गेले. धाकटे लोव्रो पुढे नामवंत चित्रकार झाले आणि तेथील कला अकादमीत शिकवू लागले. आंतोन यांनाही तो रस्ता मोकळा होता. राजधानीत चित्रकाराला मान होता, पैसाही होता. पण त्यांचे मन मधमाश्यांत होते.

१७६९ मध्ये त्यांनी पूर्णवेळ मधमाशीपालन सुरू केले. त्या काळी सम्राज्ञी मारिया तेरेझा शेती सुधारण्याच्या मागे होत्या. साखर महाग होती. गोडीसाठी सामान्य माणसाला मधच होता, आणि उजेडासाठी मेणबत्तीला मेण लागे. म्हणून व्हिएन्नात मधमाशीपालनाची शाळा काढायचे ठरले. १७७० मध्ये तिचे पहिले शिक्षक म्हणून यान्शांची नेमणूक झाली. सरकारने नेमलेले ते मधमाशीपालनाचे पहिले शिक्षक. आउगार्टेन या शाही बागेत त्यांनी पेट्या मांडल्या आणि तेथेच ते शिकवू लागले. ऑस्ट्रियातील इतर भागांतही फिरून त्यांनी प्रात्यक्षिके दाखवली.

डोळ्यांनी पाहिले तेच सांगितले

त्या काळी मधमाश्यांबद्दल अनेक चुकीच्या समजुती होत्या. नर माश्या पाणी वाहून आणतात, असे पुष्कळ जण मानत. यान्शांनी सांगितले की हे नर आहेत, ते राणीमाशीला फलित करतात, आणि हे मीलन पेटीत होत नाही. राणी बाहेर उडून जाते आणि हवेत मीलन होते. आज आपण हे पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यांना मात्र हे पेटीच्या दारासमोर तासन्‌तास बसून कळले होते.

वसाहत फुटून थवा बाहेर पडणे, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. त्याला कारण होते. कार्निओलाची करड्या रंगाची माशी शांत आहे, थोड्या साठ्यावर हिवाळा काढते आणि वसंतात झपाट्याने वाढते. पण अशा जोमाने वाढणाऱ्या वसाहतीचा थवा बाहेर काढण्याकडे कलही जास्त असतो. थवा हाती लागला तर शेतकऱ्याला नवी वसाहत मिळते, निसटला तर अर्धी संपत्ती उडून जाते. म्हणून थवा का निघतो, पहिल्या थव्याबरोबर जुनी राणी कशी जाते आणि मागे नवी राणी कशी तयार होते, हे समजणे म्हणजे घरचे नुकसान टाळणे होते. या विषयावर त्यांनी १७७१ मध्ये जर्मन भाषेत पुस्तक प्रसिद्ध केले.

पेटीच्या आकारातही त्यांनी सुधारणा केली. विटा रचाव्यात तशा एकावर एक आणि शेजारी शेजारी रचता येतील अशा लाकडी पेट्या त्यांनी पसंत केल्या. याच प्रकारची लांबट, बसकी कार्निओलन पेटी पुढे प्रसिद्ध झाली. ती गाडीवर लादणे सोपे होते. त्यामुळे पेट्या फुलोऱ्याच्या मागे नेता येत.

कुट्टूचा फुलोरा आणि ताटातली भाकर

पेट्यांचे स्थलांतर हा यान्शांच्या शिकवणीचा मोठा भाग होता. व्हिएन्नाजवळच्या मार्चफेल्ड या सपाट प्रदेशात ते कुट्टूच्या फुलोऱ्यासाठी पेट्या नेत.

कुट्टूला स्लोव्हेनियन भाषेत ‘आयदा’ म्हणतात. गहू किंवा सातू काढल्यावर जुलैमध्ये त्याच रानात आयदा पेरतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पांढरा-गुलाबी फुलोरा येतो. इतर फुले संपत आलेली असताना हा फुलोरा मधमाश्यांना हिवाळ्याचा साठा करू देतो. त्याचा मध गडद आणि उग्र वासाचा असतो. धान्याच्या पिठापासून ‘झ्गांत्सी’ हा उकडीसारखा घट्ट पदार्थ करतात आणि दह्यासारख्या आंबट दुधाबरोबर खातात. एक दुबार पीक, आणि त्यात माणसाचे जेवण आणि माशीचे जेवण, दोन्ही.

त्या देशाच्या सणासुदीच्या ताटातही मध असतो. ‘पोतित्सा’ म्हणजे पातळ लाटलेल्या पिठावर अक्रोड, मध यांचे सारण पसरून, गुंडाळून भाजलेली गोड पोळी. श्कोफ्या लोका भागात मध घातलेल्या पिठाला लाकडी साच्यांनी नक्षी काढून ‘क्रुहेक’ नावाची छोटी भाकर करतात. राडोव्ल्यित्सा गावात मधाच्या पिठाची लाल हृदये रंगवून विकतात. मधापासून ‘मेदित्सा’ नावाचे पेय करतात. बाभळीसारख्या रोबिनियाचा, लिंडनचा, चेस्टनटचा, आणि जंगलातील देवदार जातीच्या झाडांवरील गोड स्रावाचा, असे मधाचे निरनिराळे प्रकार वेगळे ओळखले आणि वेगळे विकले जातात. आज स्लोव्हेनियन मधाला युरोपात भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे.

रंगवलेल्या पाट्या

चित्रकार आणि मधपाळ या दोन्ही गोष्टी यान्शांत एकत्र होत्या. कार्निओलन पेटीच्या पुढच्या फळीवर चित्रे काढायची प्रथा त्यांच्याच काळात वाढली आणि स्वतः त्यांनीही फळ्या रंगवल्या. संतांची चित्रे, गावातल्या विनोदी गोष्टी, शिकाऱ्याची अंत्ययात्रा काढणारी जंगली जनावरे, असे शेकडो विषय त्यात आहेत. जपून ठेवलेल्या सर्वांत जुन्या फळीवर १७५८ हे साल आहे. चित्रांचा उपयोगही होता. मालकाला आपली पेटी चटकन ओळखता येते. आणि मधमाश्यांना रंगांतला फरक कळत असल्याने घराकडे परतताना चूक कमी होते. राडोव्ल्यित्सा येथील मधमाशीपालन संग्रहालयात अशा फळ्या पाहायला मिळतात.

तीन वर्षांची शाळा, आणि नंतर

१३ सप्टेंबर १७७३ रोजी व्हिएन्नात टायफसने यान्शांचे निधन झाले. वय ३९. शाळा नुकती मुळे धरत होती. आता हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाणार, अशी भीती होती. पण त्यांनी लिहून ठेवले होते. मधमाशीपालनाची संपूर्ण शिकवण देणारे त्यांचे दुसरे पुस्तक १७७५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. सम्राज्ञींनी आदेश दिला की पुढच्या शिक्षकांनी यान्शांच्या पद्धतीनेच शिकवावे.

एक अडचण मात्र राहिली होती. पुस्तके जर्मन भाषेत होती. ब्रेझ्नित्साचा शेतकरी स्लोव्हेनियन बोलत होता. ज्या गावातून हे ज्ञान आले, त्या गावालाच ते वाचता येत नव्हते. पेतेर पावेल ग्लावार या मधमाशीपालक धर्मगुरूंनी भाषांतर केले, पण ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. अखेर १७९२ मध्ये यानेझ गोलिच्निक यांचे स्लोव्हेनियन भाषांतर छापून आले. यान्शांच्या मृत्यूला तोवर १९ वर्षे झाली होती. कृषी विस्तारात काम करणाऱ्यांनी हा काळ लक्षात ठेवावा. शिफारस कितीही चांगली असो, ती शेतकऱ्याच्या भाषेत पोहोचेपर्यंत तिचा उपयोग होत नाही.

पुढे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कार्निओलन माशी पेट्यांसह आगगाडीने दूरदूर पाठवली जाऊ लागली आणि जगभर पसरली. आजही स्लोव्हेनियात याच देशी माशीचे जतन केले जाते. ब्रेझ्नित्सामध्ये यान्शांच्या स्मरणार्थ मधमाश्यांचे लाकडी घर उभे आहे.

तुमच्या मधपेटीसाठी यातून काय घ्याल?

आपली सातेरी माशी वेगळी, हवामान वेगळे. तरी काही गोष्टी इथेही तशाच लागू पडतात.

- फुलोऱ्याची नोंदवही ठेवा. तुमच्या परिसरात कोणते पीक, कोणते झाड कधी फुलते ते महिन्यानुसार लिहा. फुलोरा नसलेले महिने दिसले की त्या वेळी फुलणारे पीक बांधावर किंवा दुबार म्हणून घेता येते का, ते पाहा.
- थव्याच्या हंगामात पेटी नियमित तपासा. पोळ्याच्या कडेला राणीमाशीची नवी घरे दिसली की वसाहत फुटण्याच्या तयारीत आहे असे समजा. विभाजन वेळेत करा.
- नर माश्या निरुपयोगी समजू नका. नवी राणी फलित होण्यासाठी परिसरात सशक्त नर हवेत.
- पेट्यांना वेगवेगळे रंग किंवा खुणा द्या. पेट्या जवळजवळ असतील तर हे विशेष उपयोगी.
- सर्व मध काढू नका. पावसाळ्यासारख्या टंचाईच्या काळासाठी वसाहतीला पुरेसा साठा ठेवा.
- फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी टाळा. करावीच लागली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा आणि शेजारच्या मधपाळाला आधी कळवा.

आणि एक काम कोणत्याही खर्चाशिवाय होते. उद्या सकाळी पेटीच्या दारासमोर अर्धा तास बसा. कोणत्या रंगाचा पराग येतो आहे, नर किती आहेत, पहारेकरी माश्या काय करतात, ते पाहा आणि वहीत लिहा. यान्शांनी सुरुवात अशीच केली होती.