प्रकाशाचे वैद्य डॉ. फिन्सेन

कोपनहेगन शहरातील एका उत्तराभिमुख घरात एक तरुण वैद्यकीय विद्यार्थी राहत असे. घरात ऊन येत नसे, अंगात रक्त कमी, थकवा कायमचा. उन्हात बसावे म्हणजे बरे वाटेल असे त्याच्या मनाने घेतले, आणि तेथूनच तो प्रकाशाच्या मागे लागला. हेच डॉ. नील्स रायबर्ग फिन्सेन.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवर झाला. डेन्मार्कच्या शाळेत ते मंदबुद्धी गणले गेले. मग आइसलँडमध्ये शिकले व १८९० साली डॉक्टर झाले. यकृत व हृदय यांना जखडणारे दुखणे त्याआधीच त्यांच्यामागे लागले होते.

देवीच्या रोग्यांना तांबड्या प्रकाशात ठेवण्याचा त्यांचा पहिला उपाय पुढे टिकला नाही. परंतु ल्यूपस, म्हणजे त्वचेचा क्षय, याचे तसे नव्हते. या रोगाने नाक, गाल झडून जात, आणि रोगी माणसांत यायला लाजत. १८९५ साली फिन्सेन यांनी अशा एका रोग्याच्या चेहऱ्यावर विजेच्या कमानदिव्याचा प्रकाश भिंगांतून एकवटून सोडला. त्वचा भाजू नये म्हणून मध्ये थंड पाणी खेळविले. रोज थोडे थोडे असे महिनोन्‌महिने चालले, आणि व्रण भरून आले! १८९६ साली प्रकाशोपचाराची संस्था निघाली. १९०३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा ते चाकांच्या खुर्चीला खिळलेले होते. २४ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी ते वारले.

अतिनील किरणांनी जंतू मरतात, अशी त्यांची समजूत होती. २००५ साली डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी उपकरणे तपासली, तेव्हा ते किरण बहुतेक भिंगांतच अडत असल्याचे आढळले. क्षयाच्या जंतूंत पॉर्फिरिन नावाचे द्रव्य असते. त्यावर प्रकाश पडून जहाल प्राणवायू निर्माण होतो व त्यानेच जंतू मरत असावेत, असे त्यांनी दाखविले. कारण चुकले, उपाय लागू पडला. वैद्यकात असे पुष्कळदा घडते असे आम्हांस वाटते.

क्षयावर औषधे निघाल्यावर तो दिवा मागे पडला. पण वर्षानुवर्षे उन्हाने करपलेल्या गोऱ्या कातडीवर खरखरीत, खवलेदार चट्टे उठतात व त्यांतील काहींचा पुढे कर्करोग होतो. त्यांवर आज एक मलम लावतात. त्यापासून बिघडलेल्या पेशींत त्याच जातीचे एक पॉर्फिरिन साठते. मग निळा किंवा तांबडा प्रकाश सोडला की त्या पेशी मरतात. दिव्याऐवजी साध्या दिवसाच्या उजेडात दोन तास बसवून हा उपचार करण्याची रीत कोपनहेगनच्याच डॉक्टरांनी पुढे आणली.