मोडलेल्या कण्याचे वैद्य : डॉ. लुडविग गुटमान

एखाद्याचा कणा मोडला असे मराठीत म्हटले, की त्या माणसात पुन्हा उभे राहण्याची ताकद उरली नाही, असा अर्थ निघतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत वैद्यकशास्त्रही जवळजवळ याच मताचे होते. मणक्याचा अस्थिभंग होऊन मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण थोड्याच दिवसांचा सोबती, असे गृहीत धरले जाई. हे गृहीतक खोडून काढणारे डॉ. लुडविग गुटमान आज पॅरालिम्पिकचे जनक म्हणून ओळखले जातात. मात्र क्रीडास्पर्धा हा त्यांच्या कार्याचा कळस होता. त्याचा पाया होता मोडलेल्या कण्याची शस्त्राविना केलेली शुश्रूषा.

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तत्कालीन जर्मनीतील टॉस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे बालपण कोळशाच्या खाणींच्या मुलखात गेले. १९१७ मध्ये खाण कामगारांच्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करीत असताना कणा मोडलेला एक धडधाकट तरुण कामगार त्यांनी पाहिला. त्याला प्लॅस्टरमध्ये जखडून पडद्याआड ठेवले होते. तो जगणार नाही हे सर्वांनी मान्य केलेले असल्याने त्याच्या नोंदी ठेवण्याचीही कोणाला गरज वाटत नव्हती. पाच आठवड्यांनी तो गेला. त्याचा बळी अस्थिभंगाने घेतला नव्हता. शय्याव्रण आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग यांचे विष रक्तात भिनून तो दगावला होता.

पुढे गुटमान मज्जासंस्थेच्या विकारांचे तज्ज्ञ झाले. ब्रेस्लाव येथे ओट्फ्रिड फोर्स्टर या विख्यात शल्यविशारदाच्या हाताखाली ते तयार झाले. १९३३ मध्ये नाझी सत्तेने ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढले, तेव्हा ते तेथील ज्यू रुग्णालयात गेले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले. त्या रात्री आश्रयाला येईल त्याला दाखल करून घेण्याचा आदेश त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गेस्टापोच्या अधिकाऱ्यांपुढे प्रत्येकाच्या नावे एकेक आजार सांगत त्यांनी ६४ पैकी ६० जणांना छळछावणीपासून वाचवले. मार्च १९३९ मध्ये पत्नी व दोन मुलांसह ते निर्वासित म्हणून इंग्लंडला पोहोचले.

युद्धात कण्याला जखमा झालेल्या सैनिकांसाठी ब्रिटिश सरकारने १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे स्वतंत्र केंद्र उघडले आणि ते गुटमान यांच्याकडे सोपवले. त्यांनी प्रथम प्लॅस्टर काढून टाकले. रुग्णाची कूस दर दोन तासांनी, रात्रंदिवस, बदलण्याचा नियम त्यांनी घातला. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी ते स्वतः रात्री वॉर्डात हजर होत. मूत्राशय निर्जंतुक पद्धतीने रिकामे करण्यावर त्यांचा कटाक्ष असे. मोडलेल्या मणक्याखाली योग्य जागी उशा व गुंडाळ्या ठेवून, केवळ शरीराच्या स्थितीने हाड जागेवर आणायचे आणि काही आठवडे तसेच जुळू द्यायचे, ही त्यांची पद्धत होती. घाईने पाठ उघडून मणक्याचा भाग काढल्यास कणा अधिकच अस्थिर होतो, असे त्यांचे ठाम मत होते.

या मताला विरोधही झाला. शेफील्डचे अस्थिशल्यविशारद फ्रँक होल्ड्सवर्थ अस्थिर कणा धातूच्या पट्ट्यांनी बांधण्याच्या बाजूचे होते. गुटमान हट्टी होते आणि शस्त्रक्रियेविषयीची त्यांची कठोर भूमिका पुढील काळात टिकली नाही. स्कॅनच्या सोयी आणि मणक्यात बसवायचे भक्कम स्क्रू आल्यावर शस्त्रक्रियेचे गणितच बदलले.

रुग्ण जगू लागल्यावर त्याने जगायचे कशासाठी, हा प्रश्न उभा राहिला. गुटमान यांनी सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन आणि खेळ यांना उपचाराचाच भाग केले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्यांनी १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. १९६० मध्ये हीच स्पर्धा रोमला पोहोचली. १९७२ च्या हायडेलबर्ग येथील स्पर्धेत ५० मीटर जलतरणाचे सुवर्णपदक सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या मुरलीकांत पेटकर यांनी भारताला मिळवून दिले. १९६५ च्या युद्धातील गोळीने त्यांच्या कण्याला जखम झाली होती. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ मध्ये स्थापन झालेले सैनिकांचे पुनर्वसन केंद्रही याच विचाराच्या वाटेवरचे आहे. १९६६ मध्ये ‘सर’ हा किताब मिळालेले गुटमान १८ मार्च १९८० रोजी निवर्तले.

त्यांच्यानंतर शस्त्रक्रियाच लहान होत गेली. आता पाठ न उघडता, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, छोट्या छेदांतून स्क्रू व सळ्या बसवता येतात. रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर उठून बसू शकतो. मणक्यात सुईवाटे सिमेंट भरण्याचा उपचार १९८४ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम झाला; पुढे तो हाडे ठिसूळ होऊन दबलेल्या मणक्यांसाठीही वापरला जाऊ लागला. नंतर फुग्याने मणका उचलून मग सिमेंट भरण्याची पद्धत आली. मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत सिमेंटचा उपचार आणि लुटुपुटूचा उपचार यांच्या परिणामांत विशेष फरक आढळला नाही. त्यामुळे हा उपचार कोणाला द्यावा, याबाबत डॉक्टर अधिक सावध झाले. शिवाय मज्जारज्जू तुटला असेल, तर तो यांपैकी कोणत्याही उपचाराने सांधला जात नाही.

हे उपचार नागपूर, पुणे, मुंबईत मिळतात. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या तालुक्यात झाडावरून वा विहिरीत पडलेल्या शेतकऱ्याला यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायलाही बराच रस्ता कापावा लागतो. त्याचे भवितव्य पुष्कळदा त्या प्रवासाआधीच ठरते. दोघांनी हात-पाय धरून उचलले, जीपच्या बाकावर वाकवून बसवले, तर हललेले हाड वाचलेल्या मज्जारज्जूलाही इजा करू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत जागेवर धोका नसेल, तर त्याला हलवू नये. हलवणे भागच असेल, तर डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी सपाट फळीवर घ्यावे.

रुग्णालयातून घरी परतल्यावर गुटमान यांचा धडा कामी येतो. लहान छेदाची महागडी शस्त्रक्रिया उत्तम झाली, तरी कूस बदलली नाही तर रुग्ण शय्याव्रणाने जाऊ शकतो. संवेदना गेलेल्या भागाला जखमेची वेदना कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे घरातील कोणी तरी त्याची कूस बदलत राहणे आणि पाठ, नितंब व टाचांची त्वचा रोज पाहणे आवश्यक असते. त्यासाठी आर्णीहून नागपूरला जावे लागत नाही.