हाताला हुन्नर देणारा राजा

सयाजीराव गायकवाड १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मले. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले, तोवर त्यांना अक्षरओळखही नव्हती. पुढे त्यांनीच १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. अक्षराबरोबर हाताला हुन्नरही हवा, म्हणून १८९० मध्ये कलाभवन काढले. तेथे सुतारकाम, यंत्रकाम, कापड रंगवणे, रेखाकला शिकवत. दादासाहेब फाळके तेथेही शिकले. १९३९ मध्ये महाराज गेले.

आपल्यातले काही जण शाळेनंतर आयटीआयला गेले. गवंडी, सुतार, वायरमन झाले. तळवडे-चाकणच्या इमारतींना त्यांचे हात लागले आहेत. मेळाव्यात त्यांना पहिल्या बाकावरच्यांइतकाच मान मिळावा, हेच महाराजांचे खरे स्मरण.