असईचा सेनापति : आर्थर वेलस्ली, ड्यूक ऑफ वेलिंग्टन

आमच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर अंगास, केळणा व जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यांत असई गांव आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं झालेली लढाई जिंकणारा सेनापति पुढें नेपोलियनचा विजेता आणि इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. आम्हां कॅथलिकांस त्याची आठवण ठेवावयास आणखी एक कारण आहे, व तें रणांगणावरचें नाहीं.

आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ सालीं आयर्लंडांत एका प्रॉटेस्टंट सरदार घराण्यांत झाला. नेपोलियनही त्याच सालचा. आयर्लंडची बहुतेक रयत कॅथलिक; परंतु कॅथलिकास पार्लमेंटांत बसतां येत नसे, आणि राज्यांतील मोठ्या अधिकारांचीं दारें त्यास बंद होतीं. ज्या वर्गानें हीं दारें लावून घेतलीं होतीं, त्याच वर्गांत हा मुलगा वाढला. १७९७ सालीं तो हिंदुस्थानांत आला. पुढल्याच वर्षीं त्याचा थोरला भाऊ येथें गव्हर्नर जनरल झाला.

१८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं तह करून मराठ्यांचें स्वातंत्र्य गहाण टाकलें. शिंदे व नागपूरकर भोसले यांस तो तह मानवला नाहीं, यांत नवल काय? २१ सप्टेंबर १८०३ रोजीं बदनापुरास वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची मसलत झाली आणि दोघांनीं निरनिराळ्या वाटांनीं जाऊन पुढें एकत्र व्हावें असें ठरलें. परंतु स्टीव्हन्सन पोहोंचण्यापूर्वींच मराठ्यांचा सारा तळ वेलस्लीच्या समोर आला. त्याच्यापाशीं लढावयास सुमारें ४,५०० माणसें. समोर शिंद्यांचीं कवायती पलटणें, सुमारें १०० तोफा आणि अफाट घोडदळ. वाटाड्यांनीं जवळपास नदीस उतार नाहीं म्हणून सांगितलें. वेलस्लीनें पाहिलें कीं दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें आहेत. तेव्हां माणसें ये-जा करीत असलींच पाहिजेत. आमच्या कुणब्याचें पोरही जें सहज सांगेल, त्या एका तर्कावर त्यानें सगळी फौज पाण्यांत घातली!

शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहींत, तोफांपाशींच पडले. इंग्रजांकडील १,५०० हून अधिक माणसें मेलीं किंवा घायाळ झालीं, म्हणजे लढलेल्यांचा तिसऱ्याहून अधिक हिस्सा. वृद्धपणीं हा सेनापति आपल्या सर्व लढायांत असईस पहिला मान देत असे; त्या मानाचा अर्धा वांटा आम्ही गोलंदाजांस देतों. शिंद्यांच्या बाजूस सरधन्याच्या बेगम समरूचींही पलटणें होतीं, आणि ही बेगम १७८१ सालीं बाप्तिस्मा घेतलेली कॅथलिक होती, हें आपल्या लोकांस सहसा ठाऊक नसतें.

१८०५ सालीं तो स्वदेशीं निघाला. वाटेंत सेंट हेलेना बेटावर त्याचा मुक्काम पडला. दहा वर्षांनीं त्याच बेटावर नेपोलियन बंदिवान म्हणून गेला. मधल्या काळांत फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा हा वारस युरोपभर तख्तें उलथीत चालला होता. १८०८ सालीं त्यानें स्पेनचा चौथा कार्लोस व त्याचा पुत्र फर्नांदो यांजकडून राज्य लिहून घेऊन आपला भाऊ जोसेफ यास माद्रिदच्या गादीवर बसविलें. पुढल्या सालीं खुद्द पोप सातवे पायस त्याच्या कैदेंत पडले. राजे गेले, पण स्पेनची रयत उठली. शेतकरी, कारागीर, धर्मगुरु व मठवासी डोंगरांत शिरून आमच्या गनिमी काव्यासारखें युद्ध करूं लागले. वेलस्लीनें पोर्तुगालांत उतरून १८१२ त सालामांका व १८१३ त व्हितोरिया येथें फ्रेंचांचा मोड केला. स्पेन सुटलें खरें. परंतु त्या रयतेनें फ्रेंचांस गांवोगांव अडकवून ठेविलें नसतें, तर हा यशाचा मुकुट त्याच्या शिरीं चढला नसता. बादाहोस शहर सर होतांच त्याच्याच शिपायांनीं तेथील कॅथलिक कुटुंबें लुटलीं. आणि परतलेल्या फर्नांदोनें १८१४ त लोकांची राज्यघटना रद्द केली. पुढें वॉटर्लू झालें. तें सर्वश्रुत आहे.

१८२८ सालीं वेलिंग्टन मुख्य प्रधान झाला. कॅथलिकांस पार्लमेंट मोकळें करण्यास त्याचा तोंवर विरोधच होता. त्याच वर्षीं आयर्लंडच्या क्लेअर परगण्यांतून डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक वकील निवडून आला. परंतु सभासदास जी शपथ घ्यावी लागे, तींत पवित्र मिस्साबलिदानाचा व संतांच्या विनवणीचा निषेध होता. ती ओकॉनेल कसा घेणार? आयर्लंड पेटण्याच्या बेतांत होतें. असई व बादाहोस ज्यानें पाहिलें होतें, त्यास घरच्यांचें युद्ध नको होतें. त्यानें आपलें मत फिरविलें. आमच्या मतें हें त्याचें सर्वांत अवघड काम होय. स्वपक्षीय लोक त्यास फितूर समजूं लागले, राजा चौथा जॉर्ज अडून बसला, आणि लॉर्ड विंचिल्सी यानें असा आरोप केला कीं साठीच्या उंबरठ्यावरील ह्या मुख्य प्रधानानें त्याच्याशीं पिस्तुलांचें द्वंद्व केलें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. १३ एप्रिल १८२९ रोजीं कायद्यास राजाची मान्यता मिळाली. त्याच वेळीं दुसऱ्या कायद्यानें आयर्लंडांतील गरीब कुळांचा मताधिकार काढून घेण्यांत आला, हेंही सांगितलें पाहिजे. एका हातानें दिलें, दुसऱ्यानें घेतलें.

वेलिंग्टन १४ सप्टेंबर १८५२ रोजीं वारला. त्यानंतर २८ वर्षांनीं लॉर्ड रिपन व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानांत आला. तो कॅथलिक होता.